हात धरून नेणारे

माझे बाबा गिरणीत साचेवाले होते, म्हणजे कापड विणायचे. पण लालबागच्या आमच्या चाळीत त्यांना त्यासाठी कुणी ओळखत नव्हतं. साचेवाले काय, दर दारामागे एक होता. बाबांची ख्याती वेगळीच होती. गावाकडून कुणी नवा माणूस नोकरीसाठी मुंबईत आला, की तो आधी आमच्या दारात उभा राहायचा. पायात नव्या चपला, काखेत वळकटी आणि हातात कुणाच्या तरी आईने माझ्या आईसाठी दिलेली कोकमांची पुरचुंडी. आई पुरचुंडी ठेवून घ्यायची, त्याच्यापुढे चहा ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी बाबा त्याच्या दंडाला धरून त्याला गिरणीवर न्यायचे.

हा प्रकार मला पाठ आहे, कारण शाळेची वाट गिरणीवरूनच जायची आणि मी मुद्दाम रेंगाळायचे. खात्यात कुणाला घ्यायचं हे जॉबर ठरवायचा. हा कामगारांवरचा मुकादम, आणि त्याचा रुबाब मालकाहून जास्त. बाबा त्याला गेटापाशी गाठत. एक हात नव्या माणसाच्या दंडावर, दुसरा जॉबरच्या खांद्यावर, आणि आपल्या मालवणीत म्हणत, "आपलो माणूस आसा. बघून घेवा." बस्स, एवढंच. शिफारस नाही, कौतुक नाही. जॉबर नव्या माणसाकडे नजर टाकायचा तोवर बाबांनी दोन्ही हात काढून घेतलेले असत आणि ते चालायला लागलेले असत. मागे वळूनसुद्धा बघायचे नाहीत.

मी एकदा विचारलं, "बाबा, त्याला घेतलं की नाही ते तरी बघायचं ना!"

"ओळख करून दिली की आपण बाजूक होवचा," ते म्हणाले. "थांबलो तर जॉबराक वाटता, ह्यो माझ्यार लक्ष ठेवता."

यात ते कुणाकडून काही घेत नसत. कोकमं सोडून. आमच्या घरात वर्षभर पुरून उरतील एवढी कोकमं असायची आणि सोलकढी पिऊन मला वीट आला होता.

ब्याऐंशीचा संप सुरू झाला त्याच्या थोडं आधी बाबांनी एक माणूस गिरणीत लावला. विशीतला, काटकुळा, सारखा हसणारा. त्याची गावात आंब्याची चार कलमं होती आणि बापाचा त्याला मुंबईला पाठवायला विरोध होता. त्या बापाला बाबांनी सांगून पटवलं होतं, की गिरणीची नोकरी म्हणजे जन्माची भाकरी. तो पोरगा आमच्याकडे जेवायचा आणि आईला म्हणायचा, "काकी, तुमच्या हातची कढी पिवक मी मुंबयक इलंय." आई विरघळायची. मला त्याचा राग यायचा, कारण माझ्या वाटणीचा माशाचा तुकडा हल्ली त्याच्या ताटात जायचा.

मग संप झाला. आधीचे संप आले होते आणि गेले होते, हाही जाईल असंच सगळ्यांना वाटलं. पहिले काही आठवडे चाळीत जवळजवळ सुट्टीचं वातावरण होतं. पुरुषमाणसं दिवसाढवळ्या घरात दिसायची आणि बायका वैतागायच्या. पण संप मिटेना. गिरणीचा भोंगा नाही म्हटल्यावर सकाळ कधी झाली हेच कळेनासं झालं. शेजारच्या खोलीत गावचे सगळे मिळून राहायचे, ती खोली रिकामी होत गेली. एकेक जण ट्रंक घेऊन गावी निघाला. शेवटी आमचा हसरा पाहुणाही निघाला. बाबा त्याला एसटीला बसवायला गेले आणि परत आल्यावर जेवले नाहीत. आईने त्या दिवसापासून त्याला 'शेवटचा' म्हणायला सुरुवात केली, कारण त्याच्यानंतर बाबांनी कुणालाही कुठे लावलं नाही.

एक जण आला होता नंतर. संप रेंगाळतच होता, काही गिरण्या अर्ध्यामुर्ध्या सुरू झाल्या होत्या. तो वळकटी घेऊन दारात उभा राहिला. बाबा आतूनच म्हणाले, "माका आता कोणाचो हात धरूक सांगू नका." आईने त्याला चहा दिला, कोकमं मात्र परत दिली. आमच्या घरात अशी पुरचुंडी परत गेलेली मी तेव्हाच पाहिली.

बाबांना पुन्हा गिरणीत घेतलं नाही. ते कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर रखवालदार झाले. आई मसाला कुटून देणाऱ्या दुकानात जायला लागली आणि तिच्या केसांना वर्षभर मिरचीचा वास यायचा. मी शिकत राहिले. मी इतकी का शिकले, असं लोक विचारतात. खरं सांगायचं तर घरात दुसरं काही घडतच नव्हतं. पुस्तकं आणि आई-बाबांची शांतता, यात मी पुस्तकं घेतली.

नव्वदीच्या दशकात मी परळच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करायला लागले. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आमच्या चाळीच्या दृष्टीने मी इस्पितळात नोकरीला लागले होते, आणि मला खोकल्याचं औषध विचारणाऱ्यांना मी शेवटी आल्याचा काढा सांगायला लागले. बाबा मात्र खोदून विचारत. "तू करतंस काय, ता माका एकदा नीट सांग."

मी सांगायचे. पेशीला बाहेरून निरोप येतात: वाढ, थांब, दोन हो, मज्जापेशी हो. हे निरोप घ्यायला तिच्या अंगावर दारं असतात. बाहेरच्या बाजूने निरोप आला की दाराच्या आतल्या बाजूवर एक खूण उमटते. पण दार काही स्वतः आत जाऊन काम करत नाही. काम करणारी प्रथिनं आत वेगळी असतात, आणि त्यांना दाराशी काय चाललंय याचा पत्ता नसतो. या दोघांच्या मध्ये एक छोटं प्रथिन असतं. ते एका बाजूने ती खूण धरतं आणि दुसऱ्या बाजूने काम करणाऱ्याला धरून दारापाशी आणतं. याला आम्ही अ‍ॅडॅप्टर म्हणतो. याला स्वतःला कसलंच काम येत नाही. ते काही तोडत नाही, काही बनवत नाही. नुसतं दोघांना धरतं. पण ते नसेल तर निरोप दारातच मरतो.

बाबांनी हे शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आणि तेका पगार?"

आई आतून हसली. मी पण हसले. बाबा हसले नाहीत, त्यांनी खरंच विचारलं होतं.

माझ्या पेशी उंदराच्या एका ग्रंथीतल्या गाठीपासून आलेल्या होत्या. काचेच्या बशीत, गुलाबी द्रवात, चोवीस तास उबेत ठेवायच्या. बुरशी लागली की सगळं फेकून पुन्हा पहिल्यापासून. या पेशींची एक गंमत होती. एका प्रकारचा निरोप दिला तर त्या नुसत्या वाढत जायच्या, एकीच्या दोन, दोनाच्या चार. दुसऱ्या प्रकारचा दिला तर वाढायच्या थांबायच्या आणि त्यांना लांब लांब तंतू फुटायचे, शेजारणीपर्यंत पोचायचे. मज्जापेशी व्हायला निघायच्या. बाळाच्या मेंदूत असंच काहीसं होत असणार, म्हणून तर आम्ही या उंदराच्या गाठीची इतकी बडदास्त ठेवत होतो.

एका रविवारी आमच्या बाईंची परवानगी काढून मी बाबांना प्रयोगशाळेत नेलं. बाई म्हणजे माझ्या मार्गदर्शक, आवाज मऊ आणि शिस्त लोखंडी. त्यांनी बाबांना स्वतः खुर्ची दिली, आणि बाबा काही केल्या तिच्यावर बसेनात. शेवटी उभ्यानेच वाकून त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मी त्यांना आधी वाढणाऱ्या पेशी दाखवल्या, मग तंतू फुटलेल्या.

"बटाट्याक कोंब इल्यासारे दिसतत," ते म्हणाले.

बाई इतक्या खूश झाल्या, की पुढे प्रयोगशाळेत सगळेच "आज कोंब आले का?" असं विचारायला लागले.

मग मी तिसरी बशी ठेवली. ती माझी खास. त्यात मी पेशींना एक बिघडवलेलं अ‍ॅडॅप्टर दिलं होतं. त्याला दार धरता येत होतं, पण दुसरी बाजू मी काढून टाकली होती. ते दाराला चिकटून बसायचं, चांगल्या अ‍ॅडॅप्टरची जागा अडवायचं आणि कुणालाच आणायचं नाही. पेशी गोल गोल बसून होत्या, एकीलाही तंतू नव्हता.

"एक हात तोडलंस तेचो?" बाबांनी डोळा न काढताच विचारलं. "तेणा तुजा काय वाकडा केल्यान?"

परत येताना परळ नाक्यावर आम्ही चहा प्यायलो. मी बाबांना त्या सुमारास आमच्या विषयातली सगळ्यात मोठी चर्चा सांगितली. दोन्ही निरोप जवळजवळ त्याच साखळीतून आत जातात. अ‍ॅडॅप्टरही बऱ्याच अंशी तेच. मग एकदा नुसती वाढ आणि एकदा मज्जापेशी, असं का? तर त्यातली एक मोठी गोष्ट म्हणजे वेळ. निरोप आला आणि झटकन विझला, तर पेशी वाढून मोकळी होते. तोच टिकून राहिला, तर पेशीचं सगळं आयुष्य बदलतं.

मला त्या क्षणी संप आठवला. महिन्याभरात मिटला असता तर आमची चाळ होती तशीच वाढत राहिली असती, आणखी कोकमं, आणखी वळकट्या. तो टिकला आणि आम्ही सगळे वेगळेच कुणीतरी झालो. पण हे मी बाबांना बोलले नाही. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि विचारलं, "म्हणजे ता मधला धरून किती वेळ रवता, त्याच्यार आसा सगळा?"

"तसंच नाही अगदी. पण हो, बरंचसं," मी म्हणाले. शास्त्रज्ञ माणसाला साधं 'हो' म्हणता येत नाही.

मी डॉक्टरेट मिळवली, काही वर्षं बाहेर राहून परत त्याच संस्थेत नोकरीला लागले. आमची गिरणी पडली, तिथे काचेची इमारत उभी राहिली. आई मसाल्याच्या दुकानातून निवृत्त झाली, तरी शेजारणींच्या मसाल्याला नावं ठेवायचं काम तिने सोडलं नाही. आणि 'शेवटचा' मुंबईत परत येऊन दादरच्या एका इमारतीत लिफ्टमन झाला होता. संपानंतर गावात त्याचं जमलं नाही. बापाने त्याच्या मुंबईच्या खर्चासाठी दोन कलमं आधीच विकली होती. हे आम्हाला गावच्या मंडळाच्या पूजेत कळलं. तेव्हापासून पूजेला गेलं की बाबा हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला बसायचे. तो "काकानू" म्हणत यायला लागला की यांना पाणी प्यायला जायचं असायचं.

आणि एका संध्याकाळी तो घरीच आला. केस पिकलेले, हसणं तेच. बरोबर मुलगी होती, पंजाबी ड्रेस, खांद्याला पिशवी, बी.एस्सी. झालेली. तिने आमच्या संस्थेत प्रशिक्षणार्थीच्या जागेसाठी अर्ज केला होता आणि तिला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं.

"मग छान की!" मी म्हणाले. "ये सरळ. अकरा वाजता, पहिल्या मजल्यावर."

तो माझ्याकडे बघेचना. त्याने कोकमांची पुरचुंडी काढून बाबांच्या पुढ्यात ठेवली. "काकानू, चेडवाक तुमी घेवन जावा." चेडू म्हणजे मुलगी.

माझं डोकंच फिरलं. मी त्याला सांगितलं, की अरे, मी तिथेच काम करते, तू मला फ्रॉकमध्ये पाहिलंयस, आणि मलाही तिथे वशिला नाही. निवड दुसरे लोक करतात, तिला जे येतं त्यावर करतात. बाबांना गेटावरचा रखवालदारसुद्धा ओळखत नाही. ते येऊन करणार काय? नुसतं दारातून आत यायचंय तिला.

"दारातसून आत येवचाच कठीण असता, बाय," तो शांतपणे म्हणाला.

मुलीने मान खाली घातली होती. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मला एकदम कळलं, की ती आली तर अशीच येणार होती, कुणीतरी आणलेली. नाहीतर येणारच नव्हती. त्यांच्या घरात आजवर कुणीही कुठल्याच दारातून एकटं आत गेलेलं नव्हतं. मला ते हास्यास्पद वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मलाही पहिल्या दिवशी संस्थेच्या गेटापर्यंत आईने सोडलं होतं.

बाबांनी पुरचुंडी हलकेच परत सरकवली. "माका नको सांगू रे. मी तुका लावलंय आणि तुजा काय झाला ता बघितलंय."

"काय झाला माजा?" तो म्हणाला. "तुमी माका मिलमदी लावलात म्हणान मी मुंबयक इलंय. मुंबयक इलंय म्हणान ह्या चेडू शिकला."

बापलेक चहा पिऊन गेले. पुरचुंडी तिथेच राहिली, ना घेतलेली ना परत दिलेली, आणि आईने तिला हात लावला नाही.

जेवताना मी बाबांची समजूत घालायचा प्रयत्न केला. माझ्याकडे दुसरं काय होतं, मी माझ्या पेशीच काढल्या. म्हटलं, पेशी भलतीच वाढत सुटली, गाठ झाली, तर त्यात बहुतेक वेळा एखादं दार उघडंच अडकलेलं असतं, नाहीतर आतलं कुणीतरी थांबायचं विसरलेलं असतं. मधल्याने फक्त हात धरलेला असतो. निरोप चांगला की वाईट, हे त्याला ठाऊकच नसतं. त्याचा दोष कसा म्हणायचा?

बाबांनी भातावरचा हात थांबवला. "तो प्रोटीन," ते म्हणाले. "मी माणूस. संप होतलो म्हणान सगळी गिरणी बोलत होती. माका ठावक होता. माका वाटला, महिन्याभरात मिटात."

इतक्या वर्षांत ते हे पहिल्यांदाच बोलले होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आई म्हणाली, "जेवा आता, आमटी निवली." बाबा जेवले. मी इतकी शिकले होते आणि बापाच्या मनावरचं ओझं मला तसूभर हलवता आलं नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी मी सकाळीच कामाला गेले. पेशींचं काम घड्याळ बघत नाही. साडेदहाच्या सुमारास खिडकीतून सहज खाली पाहिलं, तर गेटापाशी बाबा. कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. ही टोपी मी संपानंतर पाहिली नव्हती. त्यांनी मुलीच्या दंडाला धरलं होतं. मागे दोन पावलांवर 'शेवटचा' उभा होता, लिफ्टमनचा गणवेश घालून, म्हणजे थोडी सवड काढून आला असणार.

मी धावत खाली गेले. जिना उतरेपर्यंत बाबांनी रखवालदाराच्या खांद्यावर दुसरा हात ठेवला होता. रखवालदार उत्तरेकडचा, त्याला मालवणीतलं अक्षर कळत नव्हतं.

"आपला चेडू आसा," बाबा त्याला म्हणाले. "बघून घेवा."

रखवालदाराने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. काय समजला कोण जाणे. त्याने "आइए, काका, आइए" म्हणत बाजूचं छोटं फाटक उघडलं आणि मुलगी आत आली. तिची मान आता वर होती. ती माझ्याजवळून जिन्याकडे गेली आणि मी तिला पहिल्या मजल्याचा रस्ता दाखवला. तिला तो दाखवायची गरज नव्हती, पाटी होती.

'शेवटचा' ड्युटीवर गेला. मी बाबांकडे आले आणि म्हटलं, "चला, तुम्हाला टॅक्सीत बसवून देते. ऊन चढेल." मला वाटलं, आता ते नेहमीसारखे वळून चालायला लागतील.

ते फाटकाच्या आत आले. झाडाखाली बाक होता, त्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाबा, तिचा नंबर कधी लागेल सांगता येत नाही. चार वाजतील. तुम्ही ओळख करून दिलीत ना? आता इथे थांबून काय करणार?"

"काय नाय," ते म्हणाले. त्यांची नजर पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांवर होती. "मागच्या वेळेक मी लगेच परत इलंय."